पावती फाडणारा, निवाडा देणारा आणि गल्ल्यावर बसणारा

१९७८ च्या जानेवारीत पश्चिम जर्मनीतल्या बाड विम्पफेन या गावात एका तुर्की नागरिकाची मोटार रस्त्याकडेला उभ्या असलेल्या दुसऱ्या मोटारीवर आदळली. हायलब्रॉनच्या जिल्हा कार्यालयाने त्याला ६० मार्क दंड लावला. कार्यालयाचे पत्र घरी आले आणि दंड ठरला. त्याने हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेले आणि तिथे त्याने ती हरकत मागे घेतली. त्याला जर्मन नीट येत नसल्यामुळे सुनावणीला दुभाषा बोलावला होता. त्या दुभाष्याचे बिल कोर्टाने त्याच्याच नावावर टाकले. ते होते ६३ मार्क ९० फेनिग. दंडापेक्षा दुभाषा महाग पडला.

हा माणूस गप्प बसला नाही. तो स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला. जर्मनीचे म्हणणे असे की, वाहतुकीचे किरकोळ नियमभंग आम्ही १९६८ च्या कायद्याने फौजदारी कक्षेतून काढले आहेत. हा आता प्रशासकीय मामला आहे, तेव्हा फौजदारी आरोपीचे हक्क इथे लागू नाहीत. २१ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. किरकोळ नियमभंगासाठी सरकारने सोपी, कार्यालयीन यंत्रणा उभारायला हरकत नाही. मात्र दंडाचे नाव बदलल्याने नागरिकाचे हक्क जात नाहीत. त्याला खऱ्या न्यायालयापुढे जाता आले पाहिजे, आणि आपल्यावरचा आरोप त्याला कळावा यासाठी लागणारा दुभाषा सरकारच्या खर्चाने मिळाला पाहिजे.

६० मार्कांच्या या खटल्यात या लेखाचा सगळा विषय आहे. वाहतुकीचे नियमभंग लाखोंनी होतात आणि ते सगळे न्यायाधीशापुढे नेता येत नाहीत. म्हणून जगभर नगरपालिका, जिल्हा आणि राज्य सरकारांनी त्यांच्यासाठी वेगळ्या यंत्रणा काढल्या. त्यांतल्या काही चांगल्या चालल्या, काहींनी माणसे नाडली, काही लाचेत बुडाल्या. हा फरक कशामुळे पडला, याचा आढावा आपल्यालाही घ्यायला हवा, कारण ई-चलनाच्या रूपाने आपणही त्याच रस्त्याला लागलो आहोत.

कोर्टाच्या दारातली गर्दी

मोटार रस्त्यावर आली तेव्हा तिचे गुन्हे इतर गुन्ह्यांसारखे दंडाधिकाऱ्यापुढे जात. पावती फाडणाऱ्या पोलिसाने साक्षीला यायचे, चालकाने रोजगार बुडवून दिवसभर बाकावर बसायचे आणि दोन मिनिटांत पाच-दहा डॉलरचा निकाल घ्यायचा. मोटारी वाढल्या तशी या बाकांवर जागा पुरेना आणि चोरी-मारामारीचे खटले मागे पडू लागले.

अमेरिकेतल्या शहरांनी यावर जो पहिला तोडगा काढला तो ‘ट्रॅफिक व्हायोलेशन्स ब्यूरो’. न्यूयॉर्क राज्याच्या जनरल म्युनिसिपल लॉमध्ये त्याची घडण स्पष्ट लिहिलेली आहे. ब्यूरो हा कोर्टाचा मदतनीस आहे. कोणत्या नियमभंगाला किती दंड, हे कोर्ट आधीच ठरवून देते. चालकाला चूक मान्य असेल तर तो लेखी कबुली देतो, सुनावणीचा हक्क सोडतो आणि खिडकीवर पैसे भरतो. ब्यूरोचा अधिकारी त्याच्या वतीने कबुली नोंदवतो आणि प्रकरण तिथेच मिटते. चूक मान्य नसेल तर कोर्टाचा दरवाजा उघडा असतो. अपघात करून पळून जाणे किंवा दारू पिऊन गाडी चालवणे यांसारखे गुन्हे या खिडकीवर मिटत नाहीत.

या साध्या रचनेत एक शहाणपण आहे. ब्यूरोला निवाड्याचा अधिकारच नाही. तो फक्त ज्यांचा वाद नाही त्यांची रांग वेगळी करतो. भांडण आहे तिथे न्यायाधीश, नाही तिथे कारकून. पुढच्या काळात ही रेघ पुसट होत गेली, आणि बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू झाल्या.

न्यूयॉर्कच्या चार वाटा

न्यूयॉर्क राज्य या विषयाची प्रयोगशाळाच म्हणावी लागेल. तिथे एकाच वेळी चार पद्धती नांदतात.

पहिली, गावोगावची छोटी कोर्टे आणि त्यांचे ब्यूरो. दुसरी, शहराची स्वतःची यंत्रणा. न्यूयॉर्क शहराने १९७० मध्ये पार्किंगच्या चिठ्ठ्या फौजदारी कोर्टातून काढून ‘पार्किंग व्हायोलेशन्स ब्यूरो’कडे दिल्या. इथे सुनावणी घेतात ते शहराने नेमलेले कायदेतज्ज्ञ. तिसरी, राज्याची यंत्रणा. त्याच सुमारास चालत्या गाडीच्या नियमभंगांसाठी राज्याच्या मोटार वाहन खात्याने मोठ्या शहरांत स्वतःचा ब्यूरो काढला. गुन्हा हलका करून घेण्याचा सौदा तिथे चालत नाही. एकतर कबूल करा, नाहीतर सुनावणीला उभे राहा. न्यायाधीशाऐवजी खात्याचा अधिकारी निकाल देतो, हे घटनेला धरून आहे का, हा प्रश्न राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९७५ मध्ये त्या न्यायालयाने ही पद्धत मान्य केली. फौजदारी खटल्यात लागतो तितका निःसंशय पुरावा इथे लागत नाही, पण तो स्पष्ट आणि पटणारा असलाच पाहिजे.

चौथी वाट सर्वांत नवी, आणि आपल्या विषयाच्या गाभ्याची आहे. लाँग आयलंडवरच्या नॅसॉ काउंटीने (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला राज्य विधिमंडळाच्या कायद्याने ‘ट्रॅफिक अँड पार्किंग व्हायोलेशन्स एजन्सी’ उभी केली. ती उभारताना काय काय लागले, ते पाहण्याजोगे आहे. आधी राज्याचा कायदा, कारण स्थानिक संस्थेला दंडाचा अधिकार स्वतःहून घेता येत नाही. मग एजन्सीचा कार्यकारी संचालक. त्याची निवड काउंटीचा प्रमुख करतो, पण त्यावर काउंटीच्या निर्वाचित सभेची संमती लागते. मग एजन्सीचे स्वतःचे ‘ट्रॅफिक प्रॉसिक्यूटर’, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी वकिलाला या कामातून मोकळे करणारे वकील. आणि शेवटी सुनावणी घेणारे अधिकारी. हे निवृत्त न्यायाधीश किंवा गावकोर्टांचे न्यायाधीश असतात, त्यांना वाहतूक आणि पार्किंगचे खटले चालवण्याचा किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि त्यांच्याकडे काम येते ते न्यायालयीन प्रशासनाकडून. म्हणजे इमारत, संगणक, वकील आणि गल्ला काउंटीचे, पण निवाडा देणारा माणूस न्यायव्यवस्थेतला. कागदावर ही रचना चांगली आहे.

शेजारच्या सफोक काउंटीने २०१३ च्या एप्रिलमध्ये हाच कित्ता गिरवला. तोवर तिथल्या पश्चिमेकडच्या पाच टाउन्समधल्या पावत्या राज्याच्या ब्यूरोकडे जात. आता त्या काउंटीकडे आल्या. २०१५ मध्ये बफेलो शहराने राज्याचा ब्यूरो बंद करून स्वतःची एजन्सी काढली, पुढे रॉचेस्टरही त्याच वाटेने गेले. आज राज्याचा जुना ब्यूरो फक्त न्यूयॉर्क शहरात उरला आहे.

स्थानिक सरकारांना ही एजन्सी इतकी हवीशी का वाटली? लोकांच्या सोयीचे कारण खरेच आहे. स्थानिक एजन्सीत वकिलाशी बोलून प्रकरण सौम्य करून घेता येते, परवान्यावर चढणारे दोषगुण टळतात. पण दुसरे कारण पैशाचे आहे. न्यूयॉर्कच्या कायद्यात वेगमर्यादा मोडल्याच्या दंडाचा मोठा वाटा राज्याकडे जातो, पार्किंगच्या दंडाचा स्थानिक तिजोरीत पडतो. त्यामुळे सौद्यात वेगाचा गुन्हा पार्किंगच्या चुकीत बदलला की चालकही खूश आणि गावही खूश. नाराज व्हायला कोणी उरतच नाही. पण सुसाट गाडी हाकणाऱ्याची नोंद ‘चुकीच्या जागी गाडी उभी केली’ अशी होते. ज्या रस्त्यासाठी नियम केला, त्या रस्त्याच्या सुरक्षिततेचा हिशेब या व्यवहारात कुठेच येत नाही.

गल्ला निवाड्याला चिकटला की

या धोक्याची जाणीव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला फार पूर्वी झाली होती. १९२७ मध्ये ओहायोतल्या एका गावच्या महापौराचा खटला त्याच्यापुढे आला. हा महापौर दारूबंदीच्या खटल्यांत स्वतःच न्यायाधीश म्हणून बसे आणि आरोपी दोषी ठरला तरच त्याला दंडातून मेहनताना मिळे. ‘ट्युमी विरुद्ध ओहायो’ या निकालात न्यायालयाने म्हटले की, ज्याचा खिसा निकालावर अवलंबून आहे त्याच्यापुढे उभे करणे म्हणजे न्याय नाकारणे.

१९७२ मध्ये ओहायोतल्याच मन्रोव्हिल गावचा खटला आला. तिथला महापौर दंडातला एक पैसाही स्वतःसाठी घेत नव्हता. पण गावच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्याच्या कोर्टातल्या दंडातून येई आणि गावचा कारभार चालवायची जबाबदारी त्याचीच होती. सर्वोच्च न्यायालयाने वाहतुकीच्या दोन दंडांची ती शिक्षा रद्द केली. लाच किंवा मेहनताना नसला तरी गावाची तिजोरी भरण्याचा मोह पुरेसा आहे, असा त्या निकालाचा आशय. माझ्या मते या विषयावरचे सर्वांत महत्त्वाचे वाक्य त्या निकालाने लिहून ठेवले आहे. प्रामाणिक माणूसही अशा खुर्चीत बसवू नये.

हे वाक्य विसरले गेले तेव्हा काय झाले, ते मिसूरी राज्यातल्या फर्ग्युसन शहराने दाखवले. तिथल्या पोलिसांविरुद्धच्या आंदोलनांनंतर अमेरिकेच्या न्याय खात्याने मार्च २०१५ मध्ये चौकशी अहवाल प्रसिद्ध केला. सुमारे २१ हजार वस्तीच्या या शहराच्या २०१५ च्या अर्थसंकल्पात १ कोटी ३२ लाख ६० हजार डॉलर उत्पन्नापैकी ३० लाख ९० हजार डॉलर दंडातून येतील असे धरले होते. जवळजवळ चौथा हिस्सा! शहराचा वित्त अधिकारी पोलीसप्रमुखाला पत्रे लिहून पावत्या वाढवायला सांगत होता. शहराचे कोर्ट पोलीस ठाण्याच्या इमारतीत होते आणि कारभाराच्या दृष्टीने पोलीसप्रमुखाच्या हाताखाली मोडत होते. दंड भरणाऱ्यांत कृष्णवर्णीय गरीब सर्वाधिक होते.

त्या अहवालातली एक बाई लक्षातून जात नाही. २००७ मध्ये तिने एकदा गाडी चुकीच्या जागी उभी केली. दोन पावत्या, १५१ डॉलर दंड आणि वर शुल्क. पैशाची ओढाताण होती, कधी राहायला घरही नव्हते. तारखा चुकल्या, प्रत्येक चुकलेल्या तारखेचा नवा दंड बसला. तिला दोनदा अटक झाली, सहा दिवस कोठडीत काढावे लागले. २०१४ संपेपर्यंत तिने ५५० डॉलर भरले होते आणि तरीही ५४१ डॉलर देणे बाकी होते. पार्किंगच्या एका चुकीने तिच्या आयुष्याची सात वर्षे खाल्ली.

मिसूरीला हा रोग आधीच ठाऊक होता. मॅक्स क्रीक नावाच्या छोट्या गावाने महामार्गावरच्या दंडांवर घर चालवल्यामुळे १९९५ मध्ये राज्याने कायदाच केला की, गावच्या उत्पन्नात वाहतूक दंडाचा वाटा ठराविक मर्यादेबाहेर जाऊ नये. फर्ग्युसननंतर २०१५ मध्ये ही मर्यादा ३० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. औषध योग्य आहे. पण ते रोग्याला दिले गेले तेव्हा उशीर झाला होता.

लाँग आयलंडच्या एजन्सीही या मोहातून सुटल्या नाहीत. लाल सिग्नल तोडल्याचा कॅमेऱ्याचा दंड राज्याने ५० डॉलर ठरवून दिला होता. नॅसॉने त्यावर १०० डॉलरची शुल्के चढवली आणि एक पावती १५० डॉलरची झाली. सफोकनेही प्रशासकीय शुल्क लावले. हे राज्याच्या कायद्याविरुद्ध आहे, असा निकाल अपिलीय न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. सफोकचे सिग्नल कॅमेरे त्याच वर्षी १ डिसेंबरला बंद झाले. बफेलोत एजन्सी आल्यावर काळ्या काचांच्या पावत्यांचा सपाटा सुरू झाला, एकाच गाडीच्या प्रत्येक काचेला वेगळी पावती मिळू लागली. २०१८ मध्ये नव्या शुल्कांची यादी आली, नागरिक संघटना फेडरल कोर्टात गेल्या, आणि २०२० मध्ये ती शुल्के शहराला मागे घ्यावी लागली.

कंत्राटदाराचा शिरकाव

दंडाची यंत्रणा म्हटली की छपाई, संगणक, कॅमेरे, थकबाकी वसुली असे सगळे येते आणि त्यासाठी खासगी कंपन्या येतात. न्यूयॉर्कच्या पार्किंग ब्यूरोला याचा जबर फटका १९८६ मध्ये बसला. थकलेल्या दंडाच्या वसुलीची आणि पावती देणाऱ्या हातातल्या संगणकांची कंत्राटे लाच घेऊन वाटली जात होती. ब्यूरोच्या उपसंचालकाने गुन्हा कबूल केला. या प्रकरणात अडकलेले क्वीन्स या बरोचे (बरो म्हणजे शहराचा विभाग) माजी अध्यक्ष डोनाल्ड मेन्स यांनी मार्च १९८६ मध्ये आत्महत्या केली. ब्राँक्सचे डेमोक्रॅटिक नेते स्टॅन्ले फ्रीडमन त्याच वर्षी दोषी ठरले. तो खटला चालवणारे फेडरल वकील रुडॉल्फ जुलियानी पुढे शहराचे महापौर झाले.

तीस वर्षांनी शिकागोत तेच घडले. सिग्नल कॅमेऱ्यांचे कंत्राट रेडफ्लेक्स कंपनीला मिळवून देण्यासाठी लाच घेतल्याबद्दल शहराच्या वाहतूक विभागातले अधिकारी जॉन बिल्स २०१६ मध्ये दोषी ठरले आणि त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. कंपनीच्या माजी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनीही गुन्हा कबूल केला. कॅमेरा खोटे बोलत नाही असे म्हणतात. पण तो कोणत्या चौकात बसवायचा, पिवळा दिवा किती सेकंद ठेवायचा आणि पैसे कोणाला किती, हे माणसेच ठरवतात.

मोठ्या वाहतूकदारांसाठी न्यूयॉर्कने आणखी एक सोय केली. वारंवार पावत्या खाणाऱ्या माल पोहोचवणाऱ्या कंपन्यांनी सुनावणीचा हक्क सोडला तर त्यांना दंडात ठरलेली सवलत मिळते. त्यात कारकुनी वाचते, हे मान्य. पण त्यामुळे दंड हा त्यांच्या धंद्याचा नेहमीचा खर्च बनतो आणि दुहेरी रांगेत उभे राहणारे ट्रक तसेच उभे राहतात.

ब्रिटनची तोड

यावर सर्वांत विचारपूर्वक उत्तर शोधले ते ब्रिटनने. १९९१ च्या रोड ट्रॅफिक कायद्याने लंडनच्या बरोंना पार्किंगचे दंड स्वतः लावण्याचा अधिकार मिळाला आणि १९९४ पर्यंत सगळ्या लंडनभर ही पद्धत लागू झाली. पार्किंगची चूक हा गुन्हाच राहिला नाही. पोलीस बाजूला झाले आणि बरोचे कर्मचारी पावती देऊ लागले. लंडनबाहेर १९९६ मध्ये विंचेस्टरपासून सुरुवात झाली. २००४ च्या ट्रॅफिक मॅनेजमेंट कायद्याने ही सगळी व्यवस्था एका सूत्रात बांधली आणि मार्च २००८ च्या अखेरीस ती लागू झाली. २०२२ पासून लंडनबाहेरच्या नगरपालिकांनाही प्रवेशबंदी, वळणबंदी यांसारख्या चालत्या गाडीच्या नियमांसाठी अधिकार मागता येतात.

या व्यवस्थेचे तीन कणे आहेत. पहिला, निवाडा. पावती मिळाली की चौदा दिवसांत निम्मा दंड भरून मोकळे व्हा, किंवा आधी नगरपालिकेकडे म्हणणे मांडा. नगरपालिकेने ते फेटाळले तर अठ्ठावीस दिवसांत स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे विनामूल्य अपील करता येते. लंडनमध्ये ‘लंडन ट्रिब्युनल्स’, इतरत्र ‘ट्रॅफिक पेनल्टी ट्रिब्युनल’. खर्च नगरपालिकांच्या वर्गणीतून भागतो, पण निवाडा देणारे वकील त्यांच्या ताब्यात नसतात. दुसरा, उद्दिष्टबंदी. पावत्यांची संख्या ठरवून देऊ नये, कर्मचाऱ्याचे वेतन पावत्यांवर अवलंबून ठेवू नये, असे सरकारी मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. तिसरा, पैसा. १९८४ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार उरलेली रक्कम वाहतूक आणि रस्त्यांशी निगडित कामांवरच खर्च करावी लागते.

हा तिसरा कणा नुसता कागदी नाही, हे बार्नेटच्या रहिवाशांनी सिद्ध केले. उत्तर लंडनच्या या बरोने रहिवाशांच्या पार्किंग परवान्याची फी ४० पौंडांवरून १०० पौंडांवर नेली, पाहुण्यांच्या कुपनाची १ वरून ४ वर. उद्देश इतर रस्त्यांच्या खर्चाला पैसे उभे करण्याचा होता. रहिवासी उच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०१३ मध्ये जिंकले. हा कायदा कर वसूल करण्याचे साधन नाही, असा तो निकाल.

ब्रिटनमध्ये सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. कॅमेऱ्यांबद्दलची चीड तिथेही आहे. पण चिडलेल्या माणसाला जायला जागा आहे, आणि त्या जागेवर बसलेला माणूस नगरपालिकेचा नोकर नाही. हा फरक फार मोठा आहे.

दंड न भरलेल्यांबाबत न्यूयॉर्कनेही उशिरा का होईना एक सुधारणा केली. तिथे दंड थकला की परवाना निलंबित होई. ज्याला गाडी चालवून पोट भरायचे त्याचाच परवाना गेला की दंड फिटणार कसा? ३१ डिसेंबर २०२० रोजी सही झालेल्या कायद्याने निव्वळ न भरल्यामुळे होणारे निलंबन बंद केले आणि हप्त्यांची सोय दिली. महिन्याला २५ डॉलर किंवा निव्वळ उत्पन्नाच्या दोन टक्के, यांतली जास्त असेल ती रक्कम. नियम तसाच राहिला, पण माणसाला तो पाळण्याची ताकद उरली.

आपल्याकडचे चित्र

आता आपल्या दारात येऊ. महाराष्ट्रात वाहतुकीचा दंड लावतात ते राज्याच्या गृह खात्याचे वाहतूक पोलीस आणि परिवहन खाते. महापालिकेचा त्यात जवळजवळ हात नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांकडे सोपवायच्या कामांची यादी बाराव्या परिशिष्टात दिली. त्यात रस्ते आणि पूल आहेत, पार्किंगच्या जागा आहेत, बसथांबे आहेत. वाहतूक नियमन मात्र नाही. म्हणजे खड्डा महापालिकेचा, झेब्रा पट्टा महापालिकेचा, पार्किंगची जागा महापालिकेची, आणि पावती राज्याची.

मोटार वाहन कायद्याचे २०० वे कलम राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला जागेवर तडजोड शुल्क घेऊन प्रकरण मिटवण्याचा अधिकार देते. आपण ‘पावती फाडली’ म्हणतो ती हीच तडजोड. केंद्राने २०१९ मध्ये दंड वाढवले. ते १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाले, पण महाराष्ट्राने त्यांची अंमलबजावणी डिसेंबर २०२१ पर्यंत थांबवली होती. ऑगस्ट २०२१ च्या केंद्रीय नियमांनी कॅमेऱ्याच्या चलनाला चौकट दिली. कॅमेरा असल्याचा फलक हवा, नियमभंगापासून पंधरा दिवसांत सूचना जायला हवी, छायाचित्राचा पुरावा जपून ठेवायला हवा. न्यायालयांनीही नवी वाट धरली. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते नागपूर जिल्ह्यात काटोल इथे आभासी न्यायालय सुरू झाले.

इतके असूनही सामान्य माणसाची अडचण जुनीच आहे. गाडी घरी उभी आणि चलन दुसऱ्याच शहरातले, कारण कोणीतरी आपला नंबर स्वतःच्या गाडीवर लावला. फोटोत गाडी ओळखू येत नाही. सिग्नल बंद होता, फलक झाडामागे होता. यातले काहीही सांगायचे तर ऑनलाइन तक्रार जाते ती चलन करणाऱ्या खात्याकडेच. कोर्टात जायचे तर दोन-चारशे रुपयांसाठी दिवस बुडवावा लागतो. म्हणून माणसे चलन तसेच ठेवून देतात आणि सवलतीच्या आशेने लोकअदालतीची वाट पाहतात. ज्याने मेसेज आला त्याच दिवशी पैसे भरले तो वेडा ठरतो. जी यंत्रणा प्रामाणिक माणसाला वेडे ठरवते, तिच्याबद्दल आदर कसा वाटावा?

मुंबई महापालिकेने २०१९ च्या जुलैमध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास बेकायदा पार्किंगला हजारो रुपयांचा दंड लावायला सुरुवात केली, तेव्हा स्थानिक संस्था या क्षेत्रात उतरू शकतात हे दिसले. पण दंड आधी आला. स्वतंत्र अपिलाची खिडकी काही सोबत आली नाही. लोकांच्या संतापाचे एक कारण दंडाचा आकडा होता, दुसरे हे.

एक कलम मात्र आपल्या कायद्यात आहे, ज्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. २०१९ च्या दुरुस्तीत आलेले १९८ अ हे कलम. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर जबाबदार यंत्रणेला आणि कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड फक्त चालकाला नव्हे, रस्ता करणाऱ्यालाही. हे कलम रोजच्या वापरात आले तर आपल्या व्यवस्थेचा तोलच बदलेल.

मग काय करावे?

वाहतूक दंड पोलिसांकडून काढून महापालिकांच्या एजन्सीकडे द्यावेत का? पार्किंग आणि रस्त्याच्या वापरापुरते तरी द्यावेत, असे माझे मत आहे. रस्ता ज्याच्या ताब्यात त्याच्याकडेच तो मोकळा ठेवायची जबाबदारी असावी, आणि पोलिसांचा वेळ दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी आणि अपघातांसाठी राखावा. पण हा अधिकार द्यायच्या आधी चार गोष्टी कायद्यात लिहून घ्याव्यात.

पावती फाडणारा आणि निवाडा देणारा वेगळा असावा. निवाडा देणारे निवृत्त न्यायाधीश किंवा अनुभवी वकील असावेत, त्यांची नेमणूक न्यायालयाकडून व्हावी, आणि अपिलाला फी नसावी. जमलेला पैसा रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक बसवरच खर्च व्हावा, आणि अर्थसंकल्पात दंडाच्या उत्पन्नाला टक्क्यांची मर्यादा असावी. कंत्राटदाराला पावतीमागे एक रुपयाही मिळू नये, त्याला ठरलेली रक्कम मिळावी. आणि चलन, त्याचे कारण, हरकतीची वाट हे सगळे मराठीत, चालकाला वाचता येईल अशा भाषेत असावे. रिक्षाचालकाला न समजणाऱ्या मेसेजवर दंड वसूल करणे, हे त्या तुर्की माणसाकडून दुभाष्याचे पैसे मागण्यासारखेच आहे.

आणि दरवर्षी या एजन्सीने एकच आकडा शहरासमोर ठेवावा. किती रुपये जमले हा नव्हे. कोणत्या चौकात अपघात आणि नियमभंग किती घटले, हा. चांगल्या वाहतूक यंत्रणेचे उत्पन्न वर्षागणिक उतरत जाते. ज्या शहराने आपल्या दंडाच्या घटत्या आकड्याचा आनंद मानला, त्या शहराला दंड लावायचा नैतिक अधिकार आहे. तो अधिकार कमवायला आपल्या महापालिकांनी, राज्याने आणि रस्त्यावर गाडी काढणाऱ्या आपण सर्वांनी आजपासून सुरुवात करावी.